जलदगती नर्सिंग पदवी अभ्यासक्रम

जलदगती नर्सिंग पदवी अभ्यासक्रम हा अन्य विषयात पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यांना कमी कालावधीत नर्सिंगची पदवी देणारा अभ्यासक्रम होय. तो मुख्यतः अमेरिकेत रूढ असून तेथे साधारणतः ११ ते १८ महिन्यांत पूर्ण होतो. नेहमीच्या चार वर्षांच्या पदवीइतकीच ही पदवी मान्य असते आणि ती मिळवल्यानंतर विद्यार्थी नोंदणीकृत परिचारिका किंवा परिचारक होण्यासाठीच्या परवाना परीक्षेस पात्र ठरतो. वाणिज्य, जीवशास्त्र, संगणक, शिक्षण अशा क्षेत्रांत काही वर्षे काम करून व्यवसाय बदलणारे प्रौढ विद्यार्थी या अभ्यासक्रमात मोठ्या संख्येने आढळतात.

इतिहास

अमेरिकेत परिचारिकांचे शिक्षण दीर्घकाळ रुग्णालयांशी जोडलेल्या शाळांतून होत असे. १९०९ साली मिनेसोटा विद्यापीठात नर्सिंगची शाळा सुरू झाली आणि हे शिक्षण हळूहळू विद्यापीठांकडे वळू लागले. अन्य विषयांतील पदवीधरांसाठीचा पहिला जलदगती पदवी अभ्यासक्रम सेंट लुईस विद्यापीठाने १९७१ मध्ये सुरू केला. १९७४ मध्ये येल विद्यापीठाने अशा पदवीधरांना थेट पदव्युत्तर नर्सिंग शिक्षणात प्रवेश देण्याची पद्धत अवलंबिली.

पुढील काळात परिचारिकांचा तुटवडा जाणवू लागल्याने अशा अभ्यासक्रमांची संख्या वाढली. २००३ साली लिंडा एकेन व सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातील रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता पदवीधर परिचारिकांचे प्रमाण अधिक असलेल्या रुग्णालयांत कमी असल्याचे त्यात आढळले. २००८ मध्ये रॉबर्ट वूड जॉन्सन फाउंडेशनने जलदगती अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती योजना सुरू केली. २०१० साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालात २०२० पर्यंत ८० टक्के परिचारिका पदवीधर असाव्यात, अशी शिफारस करण्यात आली. या शिफारशीमुळे रुग्णालयांकडून पदवीधर परिचारिकांची मागणी वाढली.

कालावधी कमी होण्याचे कारण

अमेरिकेतील चार वर्षांची नर्सिंग पदवी सुमारे १२० श्रेयांकांची असते. त्यांपैकी जवळपास निम्मे श्रेयांक भाषा, इतिहास, समाजशास्त्र, मूलभूत विज्ञान अशा सामान्य विषयांचे असतात. विद्यार्थ्याच्या आधीच्या पदवीमुळे हा भाग माफ होतो. उरलेला नर्सिंगचा भाग उन्हाळी सुट्टी न घेता सलग तीन किंवा चार सत्रांत शिकवला जातो. नर्सिंगचे विषय किंवा रुग्णालयातील प्रशिक्षण यांत कपात करून वेळ वाचवलेला नसतो. तेच काम कमी आठवड्यांत करावे लागते, म्हणून प्रत्येक आठवड्याचा भार वाढतो. अभ्यासक्रमाची निवड आणि तो पार पाडणे या दोन्हींमधील बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून उद्भवतात.

प्रवेशाची पात्रता

मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणत्याही विषयातील पदवी ही मूळ अट असते. त्याखेरीज शरीररचनाशास्त्र व शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, विकासात्मक मानसशास्त्र आणि काही ठिकाणी पोषणशास्त्र हे विषय प्रवेशापूर्वी उत्तीर्ण व्हावे लागतात. वाणिज्य किंवा कला शाखेच्या पदवीधरास केवळ या पूर्वतयारीसाठी अनेकदा एक वर्ष लागते. त्यामुळे बारा महिन्यांचा म्हणून जाहीर केलेला अभ्यासक्रम अशा विद्यार्थ्याच्या दृष्टीने प्रत्यक्षात दोन वर्षांचा ठरू शकतो. विज्ञान विषयांचे गुण पाच ते दहा वर्षांपेक्षा जुने असल्यास काही विद्यापीठे ते ग्राह्य धरत नाहीत. अनेक ठिकाणी टीज किंवा हेसी ही प्रवेश परीक्षा, मुलाखत, लसीकरणाचे दाखले आणि पूर्ववृत्ताची पडताळणी यांचीही अट असते.

अभ्यासक्रमाची निवड

मान्यता: अमेरिकेत दोन वेगवेगळ्या मान्यता पाहाव्या लागतात. पहिली मान्यता त्या राज्याच्या नर्सिंग मंडळाची असते. तिच्याविना विद्यार्थ्यास परवाना परीक्षेचा मार्ग खुला होत नाही. दुसरी राष्ट्रीय पातळीवरील अधिस्वीकृती असून ती सीसीएनई किंवा एसीईएन यांसारख्या संस्था देतात. बहुतेक विद्यापीठे पदव्युत्तर प्रवेशासाठी आणि माजी सैनिकांची सरकारी रुग्णालये नोकरीसाठी अशी अधिस्वीकृती आवश्यक मानतात. दोन्ही मान्यता मंडळाच्या व अधिस्वीकृती संस्थेच्या स्वतःच्या यादीत तपासता येतात. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांनी फ्लोरिडातील बनावट नर्सिंग प्रमाणपत्रांचा मोठा व्यवहार उघडकीस आणला. त्यात ७,६०० हून अधिक बनावट प्रमाणपत्रे विकली गेल्याचा आरोप होता. या प्रकरणानंतर अशा पडताळणीचे महत्त्व अधोरेखित झाले.

परीक्षेचा निकाल: संस्थेच्या पदवीधरांपैकी पहिल्याच प्रयत्नात परवाना परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांची टक्केवारी राज्य मंडळे प्रसिद्ध करतात. ही टक्केवारी उपयुक्त असली तरी ती केवळ परीक्षेला बसलेल्यांची असते. अभ्यासक्रम मध्येच सोडावा लागलेले विद्यार्थी तिच्यात मोजले जात नाहीत. ज्या संस्थेत तुकडीतील अनेक जण गळतात, तिचाही निकाल उत्तम दिसू शकतो. म्हणून प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जणांनी ठरलेल्या मुदतीत पदवी पूर्ण केली, हा आकडा त्यासोबत पाहणे आवश्यक ठरते. लहान तुकडीच्या संस्थेचा एकाच वर्षाचा निकाल फसवा असू शकतो. सलग काही वर्षांचे निकाल अधिक विश्वसनीय असतात.

रुग्णालयातील प्रशिक्षण: काही संस्था रुग्णालयांशी करार करून विद्यार्थ्यांच्या जागा निश्चित करतात, तर काही ठिकाणी जागा उशिरा मिळतात किंवा दूरच्या गावी मिळतात. सैद्धांतिक भाग ऑनलाइन शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांतही प्रात्यक्षिक व रुग्णालयातील काम प्रत्यक्ष हजर राहूनच करावे लागते. पुतळ्यांच्या साहाय्याने रुग्णाची परिस्थिती उभी करून घेतलेला सराव, म्हणजेच सिम्युलेशन, हाही प्रशिक्षणाचा भाग असतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासात असा दर्जेदार सराव रुग्णालयातील प्रशिक्षणाच्या ५० टक्क्यांपर्यंत जागा घेऊ शकतो, असे आढळले. तथापि, प्रत्यक्षात किती प्रमाण चालते, हे राज्याच्या नियमांवर अवलंबून असते.

खर्च

आधीची पदवी प्रवेशासाठी उपयोगी पडत असली, तरी आर्थिक साहाय्याच्या बाबतीत ती अडसर ठरते. अमेरिकेचे पेल अनुदान पहिली पदवी घेतलेल्यांना सहसा मिळत नाही. पदवी शिक्षणासाठीच्या संघीय कर्जाला एकूण मर्यादा असते आणि पहिल्या पदवीच्या वेळी घेतलेले कर्ज तिच्यात धरले जाते. अनेक खाजगी विद्यापीठांत केवळ शिकवणी शुल्कच ५०,००० डॉलरच्या पुढे जाते. गणवेश, पुस्तके, रुग्णालयापर्यंतचा प्रवास, विमा आणि परीक्षा शुल्क यांचा खर्च वेगळा असतो. त्यातच अभ्यासामुळे नोकरी सोडावी लागते. त्या काळातील बुडालेले वेतन हाही खर्चाचाच भाग होय. केंद्र सरकारच्या नर्स कोअर शिष्यवृत्तीत परिचारिकांचा तुटवडा असलेल्या ठिकाणी किमान दोन वर्षे सेवा करण्याच्या अटीवर शुल्क व निर्वाहभत्ता मिळतो. मात्र ती अमेरिकी नागरिक व तत्सम दर्जा असलेल्यांपुरतीच मर्यादित आहे. काही रुग्णालयेही सेवेच्या करारावर शुल्काची परतफेड करतात. करार मोडल्यास रक्कम व्याजासह भरावी लागू शकते.

अभ्यासक्रमाचे स्वरूप आणि अडचणी

पहिल्या सत्रात रुग्णतपासणी, परिचर्येची मूलभूत कौशल्ये, विकृतिशास्त्र आणि औषधशास्त्र हे विषय एकाच वेळी सुरू होतात. त्यानंतर प्रौढांची परिचर्या, माता व बालपरिचर्या, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य यांचे प्रशिक्षण मिळते. शेवटच्या सत्रात विद्यार्थी एका अनुभवी परिचारिकेसोबत तिच्याच पाळ्यांमध्ये काम करतो. रुग्णालयातील पाळी आठ ते बारा तासांची असून ती पहाटे सुरू होऊ शकते.

पहिल्या पदवीत उत्तम गुण मिळवलेले विद्यार्थीही सुरुवातीस अडखळतात. नर्सिंगच्या परीक्षेत माहिती आठवण्यापेक्षा निर्णयाला महत्त्व असते: चार रुग्णांपैकी प्रथम कोणाकडे जावे, कोणते लक्षण डॉक्टरांना तत्काळ कळवावे, कोणते काम साहाय्यकाकडे सोपवता येईल, असे प्रश्न विचारले जातात. चारही पर्याय बरोबर वाटतात आणि त्यांतील सर्वांत तातडीचा निवडायचा असतो. त्यामुळे टिपणे पाठ करण्यापेक्षा रोज थोडे प्रश्न सोडवून प्रत्येक चुकीचे कारण तपासणे अधिक उपयोगी पडते.

उत्तीर्णतेची मर्यादा अनेकदा ७५ टक्क्यांच्या आसपास असते. औषधाच्या मात्रेच्या गणितात ९० ते १०० टक्के गुणांची अट घातली जाते, कारण दशांश चिन्हाच्या चुकीने रुग्णास दहापट औषध जाऊ शकते. विषय साखळीने जोडलेले असल्याने एक विषय अनुत्तीर्ण झाल्यास पुढील तुकडीची वाट पाहावी लागते आणि दुसऱ्यांदा अनुत्तीर्ण झाल्यास प्रवेश रद्द होण्याचा नियम अनेक संस्थांत आहे. सलग सत्रांमुळे मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यास सुट्टी मिळत नाही. म्हणून पहिल्या चाचणीत कमी गुण पडताच प्राध्यापकांना भेटणे हिताचे ठरते. बहुतेक संस्था या काळात पूर्णवेळ नोकरी न करण्याचा सल्ला देतात. लहान मुले किंवा वृद्ध आईवडील यांची जबाबदारी असलेल्यांना पाळ्यांच्या वेळी पर्यायी व्यवस्था आधीच करून ठेवावी लागते. ज्यांना हे शक्य नसते, त्यांच्यासाठी अर्धवेळ किंवा दोन वर्षांचा अभ्यासक्रम अधिक सोयीचा ठरू शकतो.

परवाना परीक्षा

पदवीनंतर एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा द्यावी लागते. १९९४ पासून ती संगणकावर घेतली जाते. आधीच्या उत्तरांनुसार संगणक पुढील प्रश्नाची काठिण्यपातळी ठरवतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या स्वरूपात ८५ ते १५० प्रश्न असून त्यांसाठी पाच तासांची मुदत असते. एकाच रुग्णाच्या प्रकरणावर आधारलेले अनेक प्रश्न हे या स्वरूपाचे वैशिष्ट्य होय. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास किमान ४५ दिवसांनी पुन्हा बसता येते.

अन्य देशांत

ब्रिटनमध्ये पदवीधरांसाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर नर्सिंग अभ्यासक्रम असून पूर्वीच्या शिक्षणाचा व अनुभवाचा काही भाग त्यात ग्राह्य धरला जातो. ऑस्ट्रेलियात अशा पदवीधरांना साधारणतः दोन वर्षांत नर्सिंगची पदव्युत्तर पदवी घेऊन नोंदणी मिळवता येते. तेथे रुग्णालयीन प्रशिक्षणाचे किमान ८०० तास बंधनकारक आहेत. कॅनडातील काही विद्यापीठांतही दोन वर्षांच्या आसपासचे अभ्यासक्रम आहेत.

भारतीय विद्यार्थी आणि हा अभ्यासक्रम

भारतात अन्य विषयातील पदवीमुळे नर्सिंग शिक्षणाचा कालावधी कमी होत नाही. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे असून महाराष्ट्रात ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक यांच्याशी संलग्न महाविद्यालयांत शिकवले जाते. पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांचे असले, तरी ते जीएनएम पदविका घेतलेल्या परिचारिकांसाठी आहे.

भारतातून पदवी घेऊन अमेरिकेत गेलेल्यांना आपल्या गुणपत्रकांचे मूल्यांकन करून घ्यावे लागते. भारतातील तीन वर्षांची बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. पदवी सर्वच अमेरिकी विद्यापीठे चार वर्षांच्या पदवीशी समकक्ष मानत नाहीत; त्यामुळे शुल्क भरण्यापूर्वी विद्यापीठाकडून लेखी खुलासा घेणे महत्त्वाचे असते. परदेशी जन्मलेल्या परिचारिकांना तेथे कामाचा व्हिसा घेताना व्हिसास्क्रीन प्रमाणपत्र लागते आणि अमेरिकेत शिकलेलेही त्यास अपवाद नाहीत. भारतात परत येऊन काम करण्याचा विचार असल्यास येथील नोंदणीसाठी परदेशी पदवीची समकक्षता आवश्यक ठरते आणि कमी कालावधीच्या पदवीबाबत ती आधीच तपासावी लागते.

भारतात बी.एस्सी. नर्सिंग किंवा जीएनएम पूर्ण केलेल्यांना परवान्यासाठी हा अभ्यासक्रम करण्याची गरज नसते. ते आपल्या शिक्षणाचे मूल्यांकन करून थेट एखाद्या राज्याच्या मंडळाकडे परवाना परीक्षेसाठी अर्ज करू शकतात. मुंबईसह भारतातील काही शहरांत या परीक्षेची केंद्रे आहेत.