चेतकचा गिअर अडला, तर आधी वायर पाहा

आमच्या पेडगावच्या गटात एका ताईने सहा हजारांचं कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाली, "परभणीला भाजी न्यायची चेतक अडलीय. गिअर पडत नाही. मिस्त्री म्हणतो, इंजिन खोलावं लागेल." पैसे देण्याआधी आम्ही दुसऱ्या मिस्त्रीला गाडी दाखवली. गिअरची एक वायर झिजून ढिली झाली होती. ती बदलली आणि काही शे रुपयांत काम भागलं.

बजाज चेतक 1972 साली आली. पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यातली ही गिअरची गाडी आता बनत नाही, पण खेड्यात अजून चालते. मोटारसायकलचा गिअर पायाशी असतो, चेतकचा डाव्या मुठीत. मुठीपासून खाली इंजिनापर्यंत दोन वायरी जातात. बैलाचे दोन कासरे असतात ना, तसंच. एक ओढला की दुसरा सैल सुटतो. दोन्हींचा ताण बिघडला की बैल भलतीकडे जातो. गिअरचंही तेच.

आता खुणा ऐका. तपासताना इंजिन बंद आणि गार असू द्या.

मूठ जड फिरते का? मग वायर किंवा मुठीची नळी कोरडी पडली असेल. तेल-ग्रीस लागेल. वायरीचे तार सुटले असतील तर वायरच बदला.

मुठीवर आकडा दोनचा, पण गिअर भलताच? मग दोन्ही वायरींचा ताण जुळवून घ्यायचा. न्यूट्रलपासून सुरुवात करायची.

गिअर टाकताना करकर आवाज येतो का? पहिला गिअर टाका, क्लच पूर्ण दाबा आणि गाडी ढकला. ती सहज सरकली पाहिजे. अडत असेल तर क्लच नीट सुटत नाही. आधी क्लचची वायर ताणून पाहा.

चढावर गिअर आपोआप सुटतो का? तेव्हाही आधी वायरीच पाहा. त्या ठीक असूनही सुटत असेल, तर आतला क्रॉस झिजलेला असू शकतो. तिथे मात्र इंजिन खोलावंच लागतं.

आणखी एक. पेट्रोलमध्ये टाकतो ते टूटी ऑइल वेगळं आणि गिअरचं ऑइल वेगळं. पहिलं रोज आठवतं, दुसरं वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. सर्व्हिसिंगला गेलात की ते तपासायला सांगा.

मिस्त्री आपला वैरी नाही, पण विचारायला लाजू नका. "भाऊ, इंजिन खोलण्याआधी तिन्ही वायरी दाखवा," एवढं म्हणा. बदललेला जुना भाग मागून घ्या आणि खर्च वहीत लिहा. गटाचा पैसा आपल्या घामाचा आहे. तो खऱ्या दुखण्यावरच लागला पाहिजे.