शोषचराचे माप आणि टाकीत उतरणारा माणूस

खेड्यातल्या संडासाचा प्रश्न केवळ आरोग्याचा आहे, असे मानण्याची आपल्याकडे सवय आहे. मला तो तसा वाटत नाही. घाण कोणी करायची आणि कोणी उचलायची याची वाटणी या व्यवस्थेने जन्मावरून ठरवली. म्हणून जमिनीखालच्या चराचे मापसुद्धा सामाजिक माप ठरते.

मुंबई सरकारने १९४९ साली बर्वे समिती नेमली. १९९३ आणि २०१३ साली कायदे झाले. संरक्षक साधनांविना माणसाला टाकीत उतरवणे आज गुन्हा आहे. टाकीत मेलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. तरीही माणसे उतरतात आणि मरतात. का मरतात, याचे एक उत्तर मातीत आहे.

सेप्टिक टाकी मैला नाहीसा करते हा भ्रम आहे. जड गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले गढूळ पाणी बाहेर पडते. ते पाणी मातीत मुरवायचे काम शोषचराचे. चर तुंबला की टाकी उफाळते. मग ती उपसायला कोणाला हाक जाते, हे वाचकांना सांगायला नको. आत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. तो वाढला की आधी नाकाचा वास मारतो, मग माणसाला मारतो.

मी भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईची जमीन डोळ्यांपुढे ठेवून लिहितो. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. कपाशी-मिरचीला ही माती मानवते, चराला मात्र ती वैरीण. पावसात ती फुगते आणि पाणी अडवते. उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्या भेगांत ओतलेले पाणी क्षणात नाहीसे होते. ते पाहून गवंडी म्हणतो, ‘जमीन चांगली पिते.’ ही फसगत आहे.

म्हणून चाचणी अशी घ्यावी. चराच्या खोलीइतका लहान खड्डा करावा, कडा खरवडाव्यात, तळाशी बोटभर खडी टाकावी. खड्डा पाण्याने भरून रात्रभर भिजू द्यावा, म्हणजे भेगा मिटतील. दुसऱ्या दिवशी वीतभर पाणी भरून पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटे लागतात ते मोजावे. भारतीय मानकाचा हिशेब सोपा आहे: २०४ ला त्या मिनिटांच्या वर्गमुळाने भागावे. येईल तितके लिटर पाणी एक चौरस मीटर जमीन रोज पिते.

समजा, घरात पाच माणसे आणि टाकीत रोज १५० लिटर पाणी. मुरमात ९ मिनिटे लागली, तर ६८ लिटर. सव्वादोन चौरस मीटर पुरतात. मिश्र मातीत ३६ मिनिटे लागली, तर ३४ लिटर. साडेचार चौरस मीटर हवेत. म्हणजे ६० सेंटिमीटर रुंदीचा साडेसात मीटर चर. साठ मिनिटांपेक्षा जास्त लागली, तर तिथे चर खोदूच नये. वाळू-मुरमाचा उंचवटा करून त्यात पाणी सोडावे.

मुरूम लागला म्हणून आनंदून जाऊ नये. भेगाळलेल्या खडकातून तेच पाणी विहिरीत उतरते. पिण्याच्या विहिरीपासून चर किमान १८ मीटर दूर हवा आणि त्याचा तळ पावसाळी पाण्याच्या पातळीच्या वर राहायला हवा. पाण्यावरच्या हक्कासाठी १९२७ साली महाडला ज्यांनी लढा दिला, त्यांच्या लेकरांनी दुसऱ्याच्या चरातले पाणी प्यावे काय? वस्ती सखल कडेला असेल तर हा प्रश्न आणखी बिकट होतो.

जागा असेल तिथे मला दोन खड्ड्यांचा संडास अधिक बरा वाटतो. एक भरला की बंद करून दुसरा वापरावा. दीड-दोन वर्षांत बंद खड्ड्यातल्या मैल्याचे खत होते आणि ते घरधन्याला स्वतः काढता येते. मात्र इथेही पाणी खड्ड्याच्या भिंतींतूनच मुरते. चिकण मातीत भोवती वाळूचा थर हवाच.

टाकीसाठी आपण सिमेंटचा हिशेब करतो, चरासाठी करत नाही. कारण चर चुकला तर त्याची किंमत दुसरा मोजणार, हे गृहीत धरलेले असते. ग्रामसभेत टाकीच्या आकाराआधी जमिनीच्या चाचणीचा आकडा मागितला पाहिजे. ज्या घराला आपल्या पाण्याचा निचरा ठाऊक नाही, ते घर कोणाच्या तरी जिवावर स्वच्छ आहे.