व्यक्तिरेखेतील रेषा : गेम आणि अ‍ॅनिमेशनमधील पात्ररेखाटनाची बदलती दिशा

मराठी समीक्षेने पात्राचा विचार करताना आपली परिभाषा बव्हंशी चित्रकलेकडून घेतली आहे. ‘व्यक्तिरेखा’, ‘व्यक्तिचित्र’, ‘शब्दचित्र’, ‘रेखाटन’ ही पदे इतकी रुळली आहेत की त्यांतील मूळ रूपक आता जाणवतही नाही. कादंबरीतील एखादे पात्र ‘ठसठशीत’ किंवा ‘पुसट’ आहे असे म्हणताना समीक्षक चित्रकाराच्याच भाषेत बोलत असतो. व्हिडिओ गेम आणि अ‍ॅनिमेशन या माध्यमांत हे रूपक पुन्हा वाच्यार्थाला येते. तेथे पात्र खरोखरच रेषेतून घडते आणि ती रेषा कोणत्या परंपरेतून आली आहे यावर पात्राचा अर्थ अवलंबून राहतो. गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत या रेषेने जे वळण घेतले ते केवळ अभिरुचीचे नसून निवेदनपद्धतीचे आहे आणि म्हणूनच ते तौलनिक साहित्याभ्यासाच्या कक्षेत येते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. सादृश्याचा आग्रह

संगणकाच्या साहाय्याने त्रिमित आकृती घडवणे शक्य झाल्यानंतर प्रारंभीचे ध्येय वास्तवाशी सादृश्य हेच होते. त्वचा, केस, कापडाच्या चुण्या हुबेहूब दिसाव्यात यासाठी तंत्रज्ञ झटत होते. २००१ साली प्रदर्शित झालेला ‘फायनल फँटसी : द स्पिरिट्स विदिन’ हा या ध्येयाचा ठळक टप्पा होय. त्यातील माणसे संपूर्णपणे संगणकावर घडवलेली असूनही खऱ्या माणसांसारखी दिसावीत अशी योजना होती. चित्रपट व्यावसायिकदृष्ट्या अपयशी ठरला. माणसाशी जवळजवळ तंतोतंत जुळणारी, परंतु पूर्णपणे न जुळणारी आकृती पाहणाऱ्याच्या मनात आपुलकीऐवजी अस्वस्थता निर्माण करते, हे निरीक्षण जपानी यंत्रमानवशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच नोंदवले होते. त्याची आठवण या संदर्भात वारंवार केली जाते.

भारतीय चित्रविचाराला हा प्रश्न अपरिचित नाही. कामसूत्रावरील ‘जयमंगला’ टीकेत यशोधराने चित्राची सहा अंगे सांगितली आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. येथे सादृश्य हे सहांपैकी केवळ एक अंग आहे. एका आकृतीला दुसरीहून वेगळे करणारा रूपभेद त्याच्या आधी येतो, भावही आधी येतो. संगणकीय चित्रणाचा प्रारंभीचा प्रवास एका अंगाला सर्वस्व मानण्याचा होता. पुढील प्रवास उरलेल्या अंगांकडे परतण्याचा आहे.

२. रेषेचे पुनरागमन

हे परतणे गेमच्या क्षेत्रात अगोदर घडले. ‘जेट सेट रेडिओ’ (२०००) आणि ‘द लेजंड ऑफ झेल्डा : द विंड वेकर’ (२००२) या जपानी गेमनी त्रिमित आकृतीवरील प्रकाशाच्या सलग छटा काढून टाकल्या. त्यांच्या जागी दोन-तीन सपाट रंगपट्टे आले आणि आकृती हाताने काढलेल्या चित्रासारखी दिसू लागली. ‘विंड वेकर’च्या या रूपाला प्रारंभी बऱ्याच खेळणाऱ्यांनी विरोध केला, कारण प्रगती म्हणजे अधिक वास्तवता, असे समीकरण त्यांच्या मनात रूढ झाले होते.

२००६ च्या ‘ओकामी’मध्ये हे समीकरण आणखी स्पष्टपणे मोडले. त्याची कल्पना आरंभी वास्तवसदृश चित्रणाची होती. पुढे ती सोडून जपानी शाईचित्राची शैली स्वीकारण्यात आली. पांढऱ्या लांडग्याच्या रूपातील सूर्यदेवता अमातेरासु ही यातील नायिका. खेळणारा स्वतः कुंचल्याचा फटकारा मारतो आणि त्या फटकाऱ्याने कोमेजलेली सृष्टी पुन्हा फुलते. येथे शैली पात्राचे वस्त्र राहत नाही. ती पात्राची कृती होते.

रूपभेदाचे उत्तम उदाहरण ‘टीम फोर्ट्रेस २’ (२००७) मध्ये आढळते. विसाव्या शतकाच्या आरंभीचे अमेरिकन व्यावसायिक चित्रकार जे. सी. लायेंडेकर यांच्यासारख्यांच्या शैलीचा अभ्यास करून त्यातील नऊ प्रकारचे योद्धे रेखाटले गेले. केवळ काळ्या बाह्याकृतीवरून प्रत्येक जण ओळखू यावा, अशी त्यांची रचना आहे. खेळणाऱ्याला क्षणार्धात निर्णय घ्यावयाचा असल्यामुळे येथे बाह्याकृती वाचली जाते. तिचे कार्य नाटकातील पात्राच्या प्रवेशासारखे असते.

३. शैली हेच निवेदन

चित्रपटात या प्रवृत्तीला निर्णायक वळण दिले ते ‘स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स’ (२०१८) या चित्रपटाने. छापील कॉमिक्समधील ठिपके आणि छपाईत किंचित सरकलेले रंग हे वस्तुतः मुद्रणाच्या मर्यादेतून उद्भवलेले विशेष. ते येथे हेतुपुरस्सर आणले गेले. त्याहून महत्त्वाची बाब गतीची आहे. चित्रपटात दर सेकंदाला २४ चौकटी असतात. अनुभवी पीटरची आकृती प्रत्येक चौकटीत बदलते, तर नवख्या माइल्सची आकृती सुरुवातीला एकाआड एक चौकटीतच बदलते. त्यामुळे तो अडखळल्यासारखा वाटतो; त्याचा आत्मविश्वास वाढतो तशी त्याची गतीही सलग होत जाते. कादंबरीत जे काम निवेदकाच्या स्वराने होते, ते येथे चौकटींच्या संख्येने साधले आहे.

२०२३ च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये प्रत्येक विश्वाला स्वतंत्र चित्रभाषा आहे. त्यातील ‘मुंबाटन’ या मुंबई-मॅनहॅटनच्या मिश्र नगरासाठी इंद्रजाल कॉमिक्सच्या छापील शैलीचा आधार घेतल्याचे निर्मात्यांनी सांगितले आहे. या आधाराचा इतिहास तौलनिक अभ्यासकाने बारकाईने पाहावा असा आहे. १९६४ मध्ये मुंबईत सुरू झालेली इंद्रजाल मालिका प्रामुख्याने अमेरिकन चित्रकथा भारतीय भाषांत आणत होती. मराठी वाचकाला ‘फँटम’ भेटला तो ‘वेताळ’ या नावाने. म्हणजे अमेरिकन रेषा मुंबईच्या छापखान्यात आली, येथील कागद, शाई आणि भाषा यांतून भारतीय वाचकाची झाली आणि अर्धशतकानंतर अमेरिकन चित्रपटात ‘भारतीय’ शैली म्हणून परतली. भाषांतर झालेली कृती मूळ भाषेत परतताना कशी बदलते, याचे याहून बोलके उदाहरण दृश्यमाध्यमात क्वचितच आढळेल.

४. कथेपासून सुटलेले पात्र

याच काळात विरुद्ध दिशेची प्रवृत्तीही बळावली. जपानी विचारवंत हिरोकी अझुमा यांनी २००१ मधील आपल्या ग्रंथात असे मांडले की, नवा ग्राहक कथेपेक्षा पात्राच्या सुट्या घटकांचा आस्वाद घेतो. केसांची ठेवण, कान, पोशाख अशा घटकांचा जणू एक साठा असतो. त्यांच्या जुळणीतून पात्र आधी तयार होते आणि कथा नंतर येते. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ (२०२०) सारख्या चिनी गेममध्ये या विचाराचे व्यापारी रूप दिसते. गेम विनामूल्य असतो. ठरावीक काळाने नवे पात्र दाखल होते आणि ते मिळवण्यासाठी सोडतीसारख्या पद्धतीने पैसे खर्च करण्याचे प्रलोभन असते. अशा व्यवस्थेत पात्राचे चित्र हेच विक्रीचे द्रव्य असल्यामुळे ते प्रथमदर्शनीच मोहक असणे भाग असते. त्याची कथा पुढे कितीही लिहिता येते.

५. परंपरा : पृष्ठभाग की पद्धत?

या दोन प्रवृत्तींच्या संदर्भात भारतीय परंपरेच्या वापराचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ (२०२०) हा गेम येथे विचारार्ह आहे. त्याच्या चित्रणात पहाडी लघुचित्रांची प्रेरणा आहे, दुर्गा आणि विष्णू हे निवेदक आहेत आणि कथेचे दुवे छायाबाहुल्यांच्या खेळातून सांगितले जातात. या दुव्यांपुरती परंपरा निवेदनाची पद्धत म्हणून अवतरते. प्रत्यक्ष खेळात मात्र राजीची त्रिमित आकृती आंतरराष्ट्रीय गेमच्या रूढ व्याकरणानुसार धावते, उड्या मारते, लढते. निवेदनाची रेषा आणि कृतीची रेषा एकमेकींना पुरत्या भेटत नाहीत.

हा फरक समजण्यासाठी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या चित्रकथीचा दाखला उपयुक्त ठरतो. तेथील ठाकर समाजाचे कलावंत चित्रांची पोथी एकेक पान उलगडून कथा गातात. चामड्याच्या बाहुल्यांचा खेळही त्यांच्याकडे आहे. चित्रकथीतील चित्र स्थिर असते. गती त्याला गायकाच्या स्वरातून मिळते. पान केव्हा बदलावयाचे आणि कोणत्या पानावर रेंगाळावयाचे, हे कथक ठरवतो. म्हणजेच मोठे डोळे आणि ठसठशीत कडा ही चित्रकथीची केवळ दृश्य लक्षणे झाली. चित्र आणि स्वर यांचा संबंध ही तिची पद्धत होय. माइल्सच्या अडखळत्या चौकटींमागे जे तत्त्व आहे, त्याचा गाभाही हाच : गती सर्वत्र भरावयाची नसते, ती निवडावयाची असते.

शब्दांतील सूचनेवरून चित्र तयार करणारी संगणकीय साधने २०२२ पासून सर्वत्र उपलब्ध झाल्यानंतर हा भेद अधिक तातडीचा झाला आहे. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील तीन चित्रकारांनी अशा साधनांच्या कंपन्यांविरुद्ध न्यायालयात दावा दाखल केला. आपल्या चित्रांचा परवानगीवाचून वापर झाला, ही त्यांची तक्रार होती. व्यक्तीच्या शैलीसाठी निदान दावेदार तरी उभा राहू शकतो. चित्रकथी किंवा पहाडी शैलीसारख्या सामूहिक वारशाच्या बाजूने कोण उभे राहणार, हा प्रश्न अनुत्तरित आहे. यंत्राला जे उचलता येते तो प्रामुख्याने पृष्ठभाग असतो. परंपरेला केवळ पृष्ठभाग मानण्याची सवय कलावंतांना आणि प्रेक्षकांना लागली, तर तिचे उचलले जाणे नुकसान म्हणून जाणवणारही नाही.

म्हणून एखाद्या नव्या पात्राच्या चित्रात कोणती परंपरा ‘दिसते’ एवढेच नोंदवून अभ्यासकाला थांबता येणार नाही. त्या परंपरेने पात्राच्या गतीत, खेळणाऱ्याच्या कृतीत आणि कथा सांगण्याच्या क्रमात काय बदलले, हे तपासावे लागेल. ‘व्यक्तिरेखा’ या शब्दातील रेषा केवळ बाह्याकृतीची नाही, ती निवेदनाचीही आहे, हे मराठी समीक्षेच्या परिभाषेने पूर्वीच मान्य केलेले आहे. नव्या माध्यमांच्या वाचनात तिचा हा दुहेरी अर्थ अभ्यासाचे साधन म्हणून उपयोगी पडेल.