प्ले स्कूल सुरू करताय? आधी ताईंच्या कंबरेचा हिशेब मांडा!



वाशिम असो, कारंजा असो की रिसोड, प्ले स्कूल काढायचं ठरलं की आपण भाडं, रंगकाम, खेळणी, बोर्ड सगळं वहीत लिहितो. एक गोष्ट मात्र सुटते: शिकवणाऱ्या ताईंची कंबर. आणि सुरुवातीला त्या ताई म्हणजे बहुतेकदा तुम्ही स्वतःच असता!

साधं गणित बघा

समजा वर्गात 20 मुलं आहेत. बूट, नाक, डबा, वही यासाठी प्रत्येकाकडे दिवसात पाच वेळा वाकलात, तरी झालं 100 वेळा. तीन वर्षांचं मूल साधारण 14 किलोचं असतं, म्हणजे घरच्या सिलिंडरमध्ये जेवढा गॅस भरलेला असतो जवळपास तेवढं. रडणारं पोर तर वर हातपायही झाडतं!

कंबर का भरते?

पाण्याची बादली अंगाजवळ धरा, मग हात लांब करून धरा. पाणी तेवढंच, पण ताण कितीतरी जास्त. वाकून, लांबून मूल उचललं की कंबरेवर असाच ताण येतो. जागतिक आरोग्य संघटनेनुसार 2020 मध्ये जगात सुमारे 61.9 कोटी लोकांना कंबरदुखी होती. त्यामुळे "माझीच कंबर नाजूक" असं समजू नका.

कमी खर्चात काय कराल?

1. ताईंना मुलांच्या खुर्चीत बसवू नका. त्यांच्यासाठी वेगळा, थोडा उंच स्टूल ठेवा.
2. नळाजवळ भक्कम पायरी बांधा. मूल स्वतः चढेल, उचलावं लागणार नाही.
3. रोजचं सामान कंबरेच्या उंचीच्या फळीवर ठेवा.
4. चिकटपट्टीचे बूट घालायला पालकांना सांगा. मूल स्वतः बूट घालायला शिकलं, हेही शिक्षणच!
5. उचलायचंच असेल तर गुडघे वाकवा, मूल छातीशी घ्या, मग उठा. वळताना कंबर पिळू नका, पाय वळवा.

दुखायला लागलं तर दिवसभर पडून राहू नका, झेपेल तेवढं हिंडतं-फिरतं राहा. पण पाय बधिर झाला, पायातली ताकद गेली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

धंद्याची गोष्ट

पालक बोर्ड बघून येतात, पण टिकतात ताईंमुळे. ताई महिनाभर घरी बसल्या की मूल रडतं आणि पालक दुसरीकडे चौकशी करतात. म्हणून खर्चाच्या यादीत खेळण्यांच्या आधी स्टूल आणि पायरी लिहा.

तुमच्या वर्गात सगळ्यात जास्त वाकावं लागतं ते कशासाठी? कमेंटमध्ये नक्की सांगा.