उभ्या भिंतीवरची मोटारसायकल

जत्रेत आकाशपाळण्याशेजारी उभा राहणारा ‘मौत का कुआँ’ हा साहसी खेळांतील एक वेगळाच प्रकार आहे. कारण येथे प्रेक्षक स्वतः यंत्रात बसत नाही, तर लाकडी फळ्यांच्या गोलाकार, उभ्या भिंतीवर मोटारसायकल आणि कधी कधी चक्क मारुती ८०० फिरवणाऱ्या चालकांकडे वरच्या कठड्यावरून वाकून पाहतो. हा खेळ आता आपल्या जत्रांचाच वाटत असला, तरी त्याचा उगम अमेरिकेतला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे लाकडी फळ्यांच्या कललेल्या धावपट्टीवर मोटारसायकलींच्या शर्यती होत. त्या धावपट्टीची छोटी आवृत्ती १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड येथील करमणूक उद्यानात आली आणि १९१५ च्या सुमारास तिच्या भिंती चढत चढत पार काटकोनात उभ्या राहिल्या. पाश्चात्त्य चालक या खेळासाठी ‘इंडियन स्काउट’ ही जुनी अमेरिकी गाडी पसंत करत आले, तर भारतात यामाहा आरएक्स १०० सारख्या हलक्या गाड्या, रस्त्यावरून त्या दुर्मीळ झाल्यावरही, कुआँत टिकून राहिल्या.

गाडी खाली का घसरत नाही, याचे उत्तर महाराष्ट्राच्या बारावीच्या भौतिकशास्त्रात सापडते. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला केंद्राकडे ओढणारे जे बल लागते, त्यास अभिकेंद्री बल म्हणतात, आणि येथे ते भिंत पुरवते. भिंतीचा हा रेटा जितका अधिक, तितके टायर व फळी यांच्यातील घर्षण अधिक पेलू शकते, आणि हेच घर्षण गाडीचे वजन तोलून धरते. भिंतीची त्रिज्या ५ मीटर आणि घर्षणाचा गुणांक, म्हणजे पकडीचे माप, ०.५ धरल्यास किमान वेग ताशी सुमारे ३६ किलोमीटर निघतो. त्यात वस्तुमानाचा कोठेही संबंध येत नाही, म्हणूनच मोटारसायकलीपाठोपाठ मोटारही चढू शकते. मात्र भिंतीवर तेल सांडून किंवा पावसाने फळ्या निसरड्या होऊन हाच गुणांक ०.३ वर आला, तर किमान वेग ताशी ४६ किलोमीटरपर्यंत जातो, आणि ४० च्या वेगाने निर्धास्त फिरणारा चालक त्याच क्षणी घसरू लागतो.

या वेगाची किंमत शरीरालाही मोजावी लागते. ताशी ४० किलोमीटर वेगाने ५ मीटर त्रिज्येत फिरताना चालकावर गुरुत्वाकर्षणासह नेहमीच्या सुमारे पावणेतीनपट भार येतो, म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला आपण १६० किलोंचे झाल्यासारखे वाटते. रक्त पायांकडे ओढले जाऊन डोळ्यांपुढे अंधारी येऊ नये, ही सवय केवळ सरावानेच अंगी बाणते.

खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानातील ‘नायट्रो’सारख्या रोलर कोस्टरमध्येही शरीरावर असाच भार येतो, पण तेथे धोका यंत्रानेच बांधून ठेवलेला असतो. जॉन मिलर या अमेरिकी अभियंत्याने १९१९ मध्ये रुळाच्या खालच्या बाजूस धावणाऱ्या चाकांचे पेटंट घेतले, आणि अशा चाकांमुळे डबा रुळावरून उचलला जाणेच अशक्य झाले. कुआँत असे कोणतेही चाक नसते. खालच्या तिरप्या उतारावर वेग घेऊन उभ्या भिंतीवर जाणे आणि खेळ संपल्यावर पुन्हा त्याच उतारावर येणे, हे दोन्ही सर्वस्वी चालकाच्या अंदाजावर सोडलेले असते, आणि आपल्याकडील बहुतेक चालक हेल्मेटही घालत नाहीत.

असे असूनही चालक सर्वांत मोठी जोखीम पत्करतात, ती प्रेक्षकाने पुढे केलेल्या नोटेसाठी. नोट घ्यायची तर कठड्याच्या अगदी जवळ, म्हणजे पडण्याची उंची सर्वांत जास्त असते तेथे जावे लागते. शिवाय दोन्ही हात सोडताना वेग टिकवायचा, तर एक्सलरेटर आधीच एका जागी रोखलेला असावा लागतो, आणि त्यामुळे ऐन वेळी वेग वाढवण्याची सोय उरत नाही. तरीही तिकिटाव्यतिरिक्तची ही बक्षिसी सहसा कोणी सोडत नाही.