विमान उतरले, पण कुठे?

२४ सप्टेंबर १९७२ ची गोष्ट. जपान एअरलाइन्सचे डीसी-८ जातीचे चार इंजिनांचे जेट विमान मुंबईला येत होते. त्याला उतरायचे होते सांताक्रूझच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर. वैमानिकाला समोर धावपट्टी दिसली, त्याने विमान खाली टेकवले. पण धावपट्टी संपली तरी विमान थांबले नाही. ते तसेच पुढे गेले आणि मोडले. ती धावपट्टी सांताक्रूझची नव्हतीच, ती होती जुहूची! सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही, पण ते विमान पुन्हा उडू शकले नाही.

जुहूचा विमानतळ जुना. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन विमान उतरवले ते येथेच. छोट्या विमानांना त्याची सुमारे ११४० मीटरची धावपट्टी पुरते, जेटला नाही. आणि १९७२ ची चूक ही पहिली नव्हे. जुलै १९५३ मध्ये ब्रिटिश कंपनी बीओएसीचे कॉमेट जेटही सांताक्रूझऐवजी जुहूलाच उतरले होते.

ही हकिकत वर्गात सांगितली तर मुले हसतील. चुकीच्या एस.टी.त बसावे तसा विमानतळ चुकतो कसा? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा मात्र नाही. त्याच्या उत्तरात थोडी भूमिती आहे, थोडे गतिशास्त्र आहे आणि आपल्या मनाविषयी बरेच काही आहे.

नजरेच्या भरवशावर

विमान उतरवण्याच्या मुख्य पद्धती दोन. एकीत धावपट्टीजवळून सोडलेल्या रेडिओ लहरी किंवा उपग्रहांचे संकेत यांच्या आधारे यंत्रे वैमानिकाला मार्ग दाखवतात. दुसरी नजरेची. हवा स्वच्छ असली की वैमानिक नियंत्रकाला ‘विमानतळ दिसला’ असे कळवतो आणि नियंत्रक त्याला नजरेने पाहून उतरायची मुभा देतो. यात वेळ वाचतो आणि ही पद्धत एरवी सुरक्षितही आहे. गोम आहे ती ‘दिसला’ या शब्दात. वैमानिकाला विमानतळ दिसला हे खरे, पण कोणता?

आता धावपट्ट्यांचे क्रमांक पाहा. धावपट्टीची चुंबकीय दिशा अंशांत मोजून तिला दहाने भागले की तिचा क्रमांक मिळतो. पूर्वेकडे, म्हणजे ९० अंशांकडे तोंड करून उतरायची धावपट्टी ०९. सांताक्रूझची धावपट्टी ०९ आणि जुहूची ०८. दोन्हींच्या दिशांत जेमतेम दहा अंशांचा फरक. शिवाय जुहू हे सांताक्रूझच्या पश्चिमेला, तीन-चार किलोमीटरवर. समुद्रावरून पूर्वेकडे येणाऱ्या विमानाला आधी जुहू लागते. वैमानिक पूर्वेकडची धावपट्टी शोधत असतो आणि पूर्वेकडची धावपट्टी त्याला दिसतेही.

निम्मे अंतर, निम्मी धावपट्टी

पण छोटी धावपट्टी छोटी दिसत नाही का? इथे समरूप त्रिकोण मदतीला येतात. डोळ्याला लांबी कळत नाही, कोन कळतो. समजा, एक धावपट्टी दुसरीच्या निम्मी लांब आणि निम्मी रुंद आहे. विमाने उतरताना साधारण तीन अंशांच्या उताराने येतात. त्यामुळे अंतर निम्मे झाले की उंचीही निम्मी होते. लांबी, रुंदी, अंतर आणि उंची, चारही निम्मी झाली की सगळे कोन तेच राहतात आणि डोळ्यातले चित्रही तेच!

हा प्रयोग वर्गात करता येईल. काळ्या कागदाची ६० सेंमी × ४ सेंमी आणि ३० सेंमी × २ सेंमी अशा दोन पट्ट्या कापा. मोठी पट्टी जमिनीवर ठेवून चार मीटरवरून, डोळा एक मीटर उंचीवर धरून पाहायला सांगा. छोटी दोन मीटरवरून, डोळा अर्ध्या मीटरवर धरून. मात्र एक डोळा मिटून, पुठ्ठ्याच्या भोकातून पाहायचे, म्हणजे आजूबाजूचे काही दिसणार नाही. दोन पट्ट्यांत फरक सांगणे मुलांना अवघड जाईल. आता प्रत्येक पट्टीशेजारी एक काडेपेटी ठेवा. फरक लगेच कळेल. दिवसा झाडे, घरे, रस्ते या काडेपेटीचे काम करतात. रात्री ती अंधारात बुडतात आणि उरतात फक्त दिव्यांच्या दोन रांगा.

२० नोव्हेंबर २०१३ च्या रात्री अमेरिकेतील विचिटा शहराजवळ असेच झाले. बोइंगचे ड्रीमलिफ्टर, म्हणजे विमानांचे सुटे भाग वाहून नेणारे अवाढव्य ७४७ विमान, मॅक्कॉनेल हवाई तळावर जायचे होते. ते उतरले त्याच्या उत्तरेस सुमारे १४ किलोमीटरवर असलेल्या जबारा या लहान विमानतळावर. मॅक्कॉनेलची धावपट्टी सुमारे ३६६० मीटर, जबाराची सुमारे १८६० मीटर, म्हणजे जवळजवळ निम्मी. दोन्ही उत्तर-दक्षिण. विमान सुखरूप थांबले आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उडाले.

थांबायला जागा हवी

प्रत्येक वेळी नशीब साथ देईल असे नाही. १२ जानेवारी २०१४ च्या रात्री साउथवेस्ट कंपनीचे बोइंग ७३७ शिकागोहून ब्रॅन्सनला निघाले आणि जवळच्याच एका छोट्या विमानतळावर उतरले. ब्रॅन्सनची धावपट्टी सुमारे २१८० मीटर, तर या दुसरीची सुमारे ११४० मीटर, योगायोगाने जुहूएवढीच.

आपण गणित करू. जमिनीला टेकताना वेग सेकंदाला ७० मीटर, म्हणजे ताशी सुमारे २५० किलोमीटर, धरू. थांबण्यासाठी लागणारे मंदन म्हणजे वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट. २१८० मीटरमध्ये थांबायचे तर ते सुमारे १.१ येते, ११४० मीटरमध्ये थांबायचे तर सुमारे २.१ मीटर प्रति सेकंद वर्ग. शिवाय विमान धावपट्टीच्या अगदी टोकाला टेकत नाही, त्यामुळे हाती अंतर याहूनही कमी उरते. त्या रात्री वैमानिकांनी करकचून ब्रेक दाबले आणि विमान धावपट्टी संपता संपता थांबले. त्यापुढे उतार होता आणि खाली महामार्ग.

मन होकार गोळा करते

या विमानात योग्य ठिकाण दाखवणारी यंत्रे होती. वैमानिक अनुभवी होते. मग यंत्रांकडे लक्ष का गेले नाही? मानसशास्त्रज्ञ सांगतात की एकदा ‘हाच तो’ असे मनाने ठरवले की ते पुढचे पुरावे तपासत नाही, फक्त होकार गोळा करत जाते. दिशा जुळते, दिवे जुळतात, झाले! जे जुळत नाही ते नजरेआड होते. आळस किंवा अज्ञान यांच्याशी याचा संबंध नाही. सर्वांचेच मन असे चालते.

म्हणून ‘नीट लक्ष द्या’ हा यावरचा उपाय नव्हे. १९६० मध्ये पॅन अमेरिकनचे बोइंग ७०७ लंडनच्या हीथ्रोऐवजी नॉर्थोल्टला उतरले होते. असा घोटाळा टाळण्यासाठी तिथल्या गॅसच्या प्रचंड टाक्यांवर मोठी अक्षरे रंगवलेली असत: साउथॉलच्या टाकीवर हीथ्रोसाठी ‘एलएच’ आणि बाण, हॅरोच्या टाकीवर नॉर्थोल्टसाठी ‘एनओ’. आमच्या प्रयोगातली काडेपेटीच ही! आता हवा स्वच्छ असली तरी यंत्रांचा मार्ग लावून ठेवावा आणि नजरेला जे दिसते ते त्याच्याशी ताडून पाहावे, असे वैमानिकांना शिकवतात. आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१५ मध्ये सुचवले की, वाटेत गोंधळात पाडणारा दुसरा विमानतळ असेल तर तो मागे पडेपर्यंत नियंत्रकाने उतरण्याची परवानगीच देऊ नये.

या सर्व उपायांत सूत्र एकच आहे: ‘माझे बरोबर कशावरून?’ एवढे विचारून भागत नाही, ‘माझे चूक असेल तर ते मला कशावरून कळेल?’ हेही विचारावे लागते.

प्रयोगशाळेत आम्हीही या चुकीतून सुटलो नाही. अपेक्षेपेक्षा वेगळे वाचन आले की आम्ही ते पुन्हा घेत असू; अपेक्षेप्रमाणे आलेले मात्र निमूटपणे वहीत उतरवत असू. यामुळे जुळणाऱ्या वाचनांतल्या चुका तशाच राहत, हे आमच्या फार उशिरा लक्षात आले. शाळेतही मूल लंबकाचा आवर्तकाल मोजते, उत्तर पुस्तकाशी जुळते आणि आपण पुढच्या मुलाकडे वळतो. पुढच्या वेळी उत्तर जुळलेल्या मुलालाही एकदा सांगून पाहू या, ‘आता दुसऱ्या घड्याळाने मोज.’