व्हीसीत लक्ष सुटतं कुठं?

सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनात विभागीय आयुक्तांचं कार्यालय आहे. मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सात जिल्हे त्याच्या अखत्यारीत येतात. मान्सूनपूर्व आढाव्याला सिंधुदुर्गातल्या ओरोसहून माणसं बोलवायची तर चारशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास होतो. त्यापेक्षा व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, लावणं सोयीचं. पण पडद्यावर हजर असलेला माणूस बैठकीतही हजर आहे का, हा प्रश्न उरतोच, मग व्हीसी सरकारी असो की खासगी.

समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपलं की दुसरा साधारण ०.२ सेकंदात सुरू करतो. दहा भाषांच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरासरी जवळपास एवढीच निघाली. व्हीसीत आवाजाचे तुकडे होऊन ते जाळ्यातून जातात आणि पलीकडे पुन्हा जुळतात. यात ०.१५ सेकंदापर्यंत वेळ गेला तर सहसा जाणवत नाही. त्याहून बराच उशीर झाला की दोघं एकदम बोलतात, एकदम थांबतात. “बोला साहेब.” “नाही नाही, तुमचं होऊ द्या.” असं दोनतीनदा झालं की माणूस माईक बंद करून टाकतो. आपल्याला आता बोलायचं नाही हे पक्कं झालं की हात समोरच्या फायलीकडे जातो. याला आळस म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून बोलण्याची पाळी अध्यक्षांनीच द्यावी, आणि नाव प्रश्नाच्या आधी घ्यावं. “रायगड, दरडप्रवण गावांसाठी निवारा कुठं ठरलाय? रत्नागिरी, यानंतर तुम्हाला हेच विचारतो.” रत्नागिरीवाले लगेच कागद काढतात. जिल्ह्याच्या सभागृहात दहाजण एकाच कॅमेऱ्यासमोर बसलेले असतात, मागची रांग तर दिसतही नाही. तिथं जिल्ह्याचं नाव पुरत नाही, थेट तहसीलदारांना हाक मारावी लागते. प्रश्न विचारल्यावर चारपाच सेकंद थांबावं. माईक सुरू करायलाच तेवढा वेळ लागतो. शांतता सहन न होऊन अध्यक्षांनीच उत्तर दिलं, तर पुढच्या प्रश्नाला कोणी तोंड उघडत नाही.

पीपीटी आदल्या दिवशी पाठवावी, बैठकीत वाचून दाखवू नये. पाणीटंचाईच्या टँकरचा विषय निघाला की त्याच्याशी संबंध नसलेल्या मुंबई शहराला मोकळं करावं.

कॅमेऱ्याचा आग्रह मात्र बेतानं धरावा. सतत रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा समोर आणि जागेवर खिळून बसणं यांनी थकवा येतो, असं स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेनसन यांनी २०२१ मध्ये मांडलं. बोलताना कॅमेरा सुरू असला की पुरे, आणि आपला चौकोन आपल्यापुरता लपवता येतो.

शेवटची पाच मिनिटं राखून ठेवावीत. त्यात प्रत्येक जिल्ह्यानं आपलं काम आणि तारीख स्वतःच सांगावी, आणि इतिवृत्तात तेच शब्द यावेत.